कावळेसादची माकडटोपी

आजऱ्याच्या नलिनीला नवऱ्याची, केरबांची, नारिंगी माकडटोपी डोळ्यांसमोर नको होती. टोपी केरबांच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी विणलेली, त्यामुळे तिच्याविरुद्ध घरात शब्द काढायची सोय नव्हती. भिजली की तिला शेळीचा वास यायचा.

लेकीच्या लग्नानंतर व्याह्यांबरोबरची ही पहिलीच सहल. सावंतवाडीहून विश्रामराव आणि शालनबाई आले होते, आणि आंबोलीच्या धुक्यात केरबा ती टोपी घालून गाडीतून उतरले.

"अहो, व्याह्यांसमोर तरी काढा."

"कान गार पडतात माझे."

लेक-जावई फोटो काढायला पुढे पळाले. चौघं कावळेसाद पॉइंटच्या कठड्याशी येऊन उभे राहिले. समोर कड्यावरून पाणी दरीत झेपावत होतं आणि दरीतला वारा त्यातलं निम्मं उचलून परत वर फेकत होता. विश्रामराव हाताची घडी घालून गप्प होते. लग्नातही ते असेच उभे होते.

नलिनी गोड आवाजात म्हणाली, "अहो, टोपी निथळतेय. द्या, पिळून देते."

केरबांनी दिली. तिने कठड्याबाहेर हात काढून टोपी पिळली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा बोटं सैल केली.

"अरे देवा, सुटली की हो."

टोपी धुक्यात गडप झाली. नलिनीने चेहरा जमेल तितका दुःखी केला. तेवढ्यात खालून फुगलेलं काहीतरी नारिंगी वर आलं, डोक्यांवरून एक गिरकी घेतली आणि फटकन विश्रामरावांच्या तोंडावर बसलं.

विश्रामरावांनी टोपी सोलून काढली, उलटसुलट पाहिली, पिळली, आणि डोक्यात घालून कानांवर ओढली.

"ऊब आहे हो," ते म्हणाले.

केरबा हरखले. "आमच्या आक्काच्या हातची. तुम्हालाही एक विणायला सांगतो."

"निळी सांगा," विश्रामराव म्हणाले.

शालनबाई नलिनीच्या कानाशी आल्या. "विहीणबाई, टोपी हातातून सुटली नाही. तुम्ही सोडलीत. मी बघितलं."

नलिनीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"टाकायचीच होती तर दगड घालून टाकायची," शालनबाई पुटपुटल्या. "आता सावंतवाडीच्या बाजारात मी यांच्याबरोबर कशी फिरू?"

"इथे रेंज नाही," नलिनी हळूच म्हणाली. "घरी जाईपर्यंत विसरतील."

पण केरबा विसरले नाहीत. परतीच्या रस्त्यावर मक्याच्या कणसांच्या टपरीपाशी रेंज आली आणि त्यांनी स्पीकरवर फोन लावला.

"आक्का, व्याह्यांना एक निळी माकडटोपी हवीय."

"एक कशाला?" आक्का पलीकडून ओरडल्या. "दोघी विहिणींना थंडी वाजत नाही होय? त्यांच्यासाठी गुलाबी लोकर काढून ठेवलीय. डोक्यांची मापं घेऊन पाठव."

कणीसवालीने लगेच पिशवीतली सुतळी पुढे केली. केरबांनी ती नलिनीच्या कपाळाभोवती गुंडाळायला घेतली. तिने शालनबाईंकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात कणसाचा घास होता, तो हसण्यात ठसक्याबरोबर बाहेर आला. मग नलिनीलाही हसू आवरेना.

"हलू नकोस गं," केरबा म्हणाले, "माप चुकतंय."