गिळलेला उकार

होटगी जंक्शनला पॉइंट्समन म्हणून मी जेवढ्या गाड्या सोडल्या, त्याहून जास्त पुड्या सोडल्या. आजही गावात कुणी काही अशक्य बोललं की लोक विचारतात, सिद्रामच्या ओट्यावरनं उठून आलास काय? सांगोल्याला आमच्या सोयऱ्यांची एक शेळी होती. दुष्काळात पाण्याचा टँकर आला की ती हॉर्न ओळखून बायकांच्या आधी घागर घेऊन रांगेत उभी राहायची, हे मीच पसरवलं. त्यात घागर तेवढी माझी. शेळी खरी होती, टँकर खरा होता आणि रांग तर फारच खरी होती.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं सगळं खरं आहे, आणि त्या खरेपणापायीच माझे हाल झाले.

माझी बायको काशम्मा अक्कलकोटच्या पलीकडची, कन्नड मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीतलं 'बस' आणि 'ऊठ' एवढंच कळायचं. मग शिकली, आणि माझ्याहून चांगलं शिकली. मराठीत ती फक्त खरं तेवढंच बोलायची. आमची सून सिद्धेश्वरी सांगोल्याची. घर आमच्यासारखंच लिंगायत, पण त्यांच्याकडचं कन्नड आजोबांबरोबरच गेलेलं. म्हणून ती आल्यापासून आमच्या घरात मराठीच चालायचं.

सासू-सून मिळून कडक भाकरी करायच्या. ज्वारीची, पापडासारखी पातळ, महिनाभर डब्यात राहिली तरी बिघडत नाही अशी. सोलापुरातले दोन-तीन दुकानदार ती घेऊन जायचे. सून थापायची, सासू भाजायची. थापता थापता सिद्धेश्वरी गायची. तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, मठातली भजनं, जे ओठाला येईल ते. त्या गळ्यानं रुळावरची मालगाडी हळू होते असं मी स्टेशनवर सांगत असे. मालगाडी होत नव्हती, पण काशम्मा व्हायची. भाकरी उलटायचं विसरून तव्याकडं बघत बसायची. भाकरी करपली की सुनेलाच म्हणायची, लक्ष कुठं आहे तुझं? गळा गोड आहे असं तिनं कधी तोंडानं म्हटलं नाही. कौतुक करायचं म्हणजे गप्प बसायचं, अशी तिच्या माहेरची रीत असावी.

मग एका दसऱ्यानंतर काशम्माला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर मराठीही गेली. इतक्या वर्षांचं शिकलेलं एका रात्रीत पुसलं. उरलं ते माहेरचं कन्नड, तेही तुकड्या-तुकड्यांनी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, मागनं आलेलं आधी जातं. सिद्धेश्वरी तिच्यासाठी नवे शब्द शिकली. नीर म्हणजे पाणी, साकु म्हणजे पुरे, बा म्हणजे ये. तेवढ्यावर दोघींचं चालायचं. अंथरुणातलं सगळं सुनेनं केलं, आणि तोंड वाकडं न करता केलं. थंडी सरायच्या आत काशम्मा गेली.

ती गेली आणि घरातलं गाणं गेलं. आधी आम्हांला वाटलं, दुःख आहे, चालायचंच. पण उन्हाळा आला तरी भाकरीचा मोठा तवा खुंटीवरनं खाली उतरेना. दुकानदारांचे फोन यायचे, ती उचलायची नाही. सकाळी आंघोळ करून लिंगपूजेला बसायची, तेही सोडलं. गळ्यातलं लिंग गळ्यात होतं, हातात घेईना. माझा मुलगा प्रभुलिंग सिमेंटच्या कारखान्यात शिफ्टला असतो. त्यानं विचारून बघितलं, समजावून बघितलं, एकदा रागावूनही बघितलं. ती म्हणायची, काही नाही, होईल. मी माझ्याकडच्या सगळ्या शेळ्या, सगळे टँकर तिच्यापुढं उभे केले. ती चहा द्यायची आणि आत जायची.

मग एका दुपारी आम्ही दोघं ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. शेजारच्या गल्लीतलं कुत्रं टोपलीत तोंड घालायला आलं. मी हात उगारून म्हटलं, "हाड."

कुत्रं गेलं. सिद्धेश्वरीनं मूठभर शेंगा तशाच खाली टाकल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. कुत्र्यासाठी एवढं रडणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. पाणी दिलं, थांबलो. मग हळूहळू एकेक निघालं.

काशम्मा गेली त्या दुपारी प्रभुलिंग कामावर होता, मी औषधं आणायला गेलो होतो. सिद्धेश्वरी तिचे पाय चेपत बसली होती. काशम्मानं डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं, चांगला असलेला डावा हात तिच्याकडं उचलला आणि म्हणाली, हाड. सुनेला वाटलं, चुकून ऐकलं. तर पुन्हा म्हणाली, हाड. सिद्धेश्वरीनं हात काढून घेतला आणि उठून मागच्या अंगणात गेली. जरा वेळ रडली. तोंड धुऊन आत आली तेव्हा सासूचे डोळे तसेच दाराकडं होते आणि श्वास नव्हता.

"एवढं केलं, मामा," ती म्हणाली, "आन शेवटी मला कुत्र्यागत हाकललं. मग ती देवाची पूजा कशापायी करायची? त्यालाबी माझा हात नकोच आसंल की."

माझ्या तोंडून हसू फुटलं. वाईट दिसलं, पण आवरेना. "अगं येडे," म्हटलं, "हाड म्हंजे गा. कन्नडमधी गा म्हणाया हाड म्हंत्यात. गाणं म्हण म्हनली ती तुला."

माझा अंदाज होता की ती आता उजळेल. तिनं माझ्याकडं बघितलं. गावातली माणसं शेळीची गोष्ट ऐकून बघतात ना, तसंच.

"मामा," ती म्हणाली, "माझ्यासाठी तरी थापा मारू नगा."

आणि शेंगांची टोपली उचलून आत गेली.

आता सांगा. आयुष्यभर खोट्याला गिऱ्हाईक मिळालं आणि खरं घेऊन बसलो तर कुणी घेईना. संध्याकाळी प्रभुलिंग आला. त्यालाही मी सगळं सांगितलं, आणि तो तर तिला हात धरून सांगायला लागला, व्हय, गा म्हणायला खरंच हाड म्हणतात. ती म्हणाली, बापाची बाजू घेताय तुम्ही. मग त्यानं मोबाईल काढला, त्यात शब्द घातला आणि बटण दाबलं. आतली बाई सावकाश, स्वच्छ म्हणाली, हाडु.

सिद्धेश्वरीनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा हाडु.

"आत्याबाई हाडु न्हाय म्हनल्या. हाड म्हनल्या. मी काय बहिरी हाय?"

झालं. एका उकारावर गाडी अडली. मी सांगायला गेलो की ती मोबाईलमधली बाई बंगळुरूची असणार, तिला वेळ भरपूर. आमच्याकडची माणसं घाईची, शेवटचा उकार गिळतात. नोडु म्हणजे बघ, त्याचं नोड होतं, माडु म्हणजे कर, त्याचं माड होतं, तसं हाडुचं हाड. ती म्हणाली, ठीक आहे मामा, आणि ताट वाढलं. तिचं 'ठीक आहे' कुलुपासारखं होतं.

तुम्ही म्हणाल, होटगीत कन्नड बोलणाऱ्यांचा काय दुष्काळ? दुष्काळ नाही, बाजारात रोज कानावर पडतं. पण बाजारात दे म्हणतात, घे म्हणतात, पुरे म्हणतात. गा कोण कुणाला म्हणतं? आणि काशम्माच्या भावाला अक्कलकोटहून बोलवावं, तर तो मी पढवूनच आणला असं ती धरून चालणार. शेजारच्या कुणाला विचारावं, तर शेवटच्या घटकेची गोष्ट चार घरांत जाणार, आणि तेच तिला नको होतं. मी गप्प बसलो. मला गप्प बसणं किती जड जातं ते आमच्या गावाला विचारा.

काशम्माचं वर्ष जवळ आलं. सोलापूरहून थोडं सामान आणायचं होतं, म्हणून एका सकाळी मी आणि सिद्धेश्वरी स्टेशनवर जाऊन पॅसेंजरची वाट बघत बसलो. गाडी उशिरा होती. समोरच्या बाकावर एक म्हातारी, तिची लेक आणि शाळेचा फ्रॉक घातलेली नात, अशा तिघी. बोलणं कन्नड. नात खांबाच्या मागं लपत होती. म्हातारी बोळक्या तोंडानं हसत तिच्याकडं हात करून, तंगी म्हणजे धाकटी बहीण असं लाडानं म्हणत, सांगत होती, "हाड, तंगी. हाड."

सिद्धेश्वरी ताठ झाली. मी रुळांकडं बघायला लागलो. मी एक अक्षर बोललो तर सगळं नासणार हे मला कळत होतं.

म्हातारी पुन्हा म्हणाली, "हाड की."

सिद्धेश्वरी उठलीच. त्यांच्यापुढं जाऊन म्हणाली, "आजी, एवढ्याशा लेकराला कुत्र्यागत हाड हाड कशाला करताय वो?"

म्हातारीला मराठी कळलं नसावं, ती आणखी हसली. लेक म्हणाली, "तसं न्हाय वो ताई. शाळेत नवं गाणं शिकलीया, ते म्हण म्हनत्यात. लाजती बघा, घरात तर गप बसत न्हाय."

"हाड म्हंजे..."

"गा की."

"हाडु न्हाय?"

"पुस्तकात हाडु. आमी हाडच म्हंतो."

सिद्धेश्वरी माझ्याकडं वळली. मी दोन्ही हात वर केले. तिनं त्या बाईला विचारलं, "खरं सांगा, तुमी ह्या मामांना वळखता?"

बाईनं मला धोतरापासून टोपीपर्यंत बघून घेतलं. "न्हाय बा. का, काय केलं त्यांनी?"

तेवढ्यात नातीला आग्रह करायचं थांबलं म्हणून तिला गावंसं वाटलं. पोपटाचं गाणं होतं. मधलं कडवं विसरली, शेवटचं दोनदा म्हटलं. सिद्धेश्वरी माझ्याशेजारी येऊन बसली. मला वाटलं, सुटलो. मनातल्या मनात सोलापूरच्या सिद्धेश्वराला नारळही बोलून टाकला. पण तिचा चेहरा सुटलेल्या माणसाचा नव्हता.

ती म्हणाली, "म्हंजे त्या गाणं मागत हुत्या. आन मी उठून गेले."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. काट्यासाठी मी एवढे दिवस झगडत होतो, आणि काटा निघाल्यावर खालचं दुखणं उघडं पडलं. जिभेवर दहा गोष्टी तयार होत्या. काशम्मानं तुझं रडणंच गाणं समजून प्राण सोडला असेल, असंही सांगता आलं असतं. ती कदाचित मानलीही असती. पण त्या दिवशी मला खोटं बोलवेना.

"व्हय, गेलीस," मी म्हटलं. "तुला कळलं न्हाय म्हणून गेलीस. पर एक ऐक. माझ्या सबंध संसारात तिनं मला कधी गा म्हटलं न्हाय, पोराला न्हाय, कुणालाच न्हाय. जाताना सगळं इसरली ती. मराठी इसरली. माझं नाव इसरली, मला 'यारु' म्हणून विचारायची, कोण म्हणून. आन तुझं गाणं तेवढं ध्यानात ठेवलं की गं तिनं."

तिचे दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. लिंगपूजेला बसतात तसे.

मग मालगाडी आली. सिमेंटची, न थांबणारी. एवढी लांब की इंजिन सोलापुरात पोहोचलं तरी शेवटचा डबा वळसंगात होता. बरं, नव्हता. पण लांब होती. तिच्या धडधडीत शेजारचं माणूस ओरडलं तरी ऐकू येत नाही. मी सिद्धेश्वरीकडं बघितलं तर तिचे ओठ हलत होते. आवाजाच्या आड, कुणाला कळणार नाही अशा भरवशावर, ती गात होती. डबे जात राहिले, ओठ हलत राहिले. शेवटचा डबा गेला, धडधड लांब गेली, आणि तिची ओवी तशीच उघड्यावर राहिली. ती थांबली नाही. बहुतेक तिला कळलंच नाही. आवाज जरा घोगरा झाला होता, न वापरल्यामुळं. चहावाला किटली धरून उभा राहिला. ती पोपटवाली पोरगी तोंड उघडं ठेवून ऐकत होती.

आमची पॅसेंजर आली. त्या तिघी चढल्या. खिडकीतनं म्हातारी आमच्याकडं बघून हात हलवत होती आणि काहीतरी म्हणत होती, ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, सिद्धेश्वरीला मात्र आलं असावं, कारण ती हसली. आम्ही चढलोच नाही. गाडी सुटल्यावर ती म्हणाली, सामान उद्या आणू, मामा, आज ज्वारी दळायला टाकायची आहे.

हे गावात सांगितलं तर सगळे म्हणाले, सिद्रामनं त्या बायका पैसे देऊन बसवल्या. मी शपथा घेतल्या, टोपी काढली, पण कुणी मानत नाही. वर म्हणतात, काही का असेना, बेत झकास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तवा खाली होता. त्याआधी ती पूजेला बसली होती, हात समोर धरून, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसली. मग भाकरी थापायचा आवाज सुरू झाला आणि त्याच्यावर गाणं. प्रभुलिंग रात्रपाळी करून आला, तो दारातच थबकला. बूट काढून हातात घेतले आणि तसाच उभा राहिला. आत पाऊल टाकलं तर थांबेल की काय, अशी भीती त्याच्या तोंडावर होती. मी त्याला खूण केली, बस. तो माझ्याशेजारी ओट्यावर बसला. बूट मांडीवर.

मी हात जोडले. कुणाला जोडले ते मला नेमकं सांगता येणार नाही. काशम्मा आहे, सिद्धेश्वर आहे, उशिरा आलेली पॅसेंजर आहे आणि कसलीच ओळख नसलेली ती बोळकी म्हातारी आहे. चौघांनी आपापसात वाटून घ्यावं, कुणाला कमी पडणार नाही एवढं आहे.

आतनं करपल्याचा वास आला. प्रभुलिंग उठायला लागला, मी त्याचा हात धरून खाली बसवला.