उलट्या पट्ट्या

चौथी डुकरीणही लंगडत बाहेर आली, तेव्हा फार्मच्या मालकीणबाईंनी कंपनीच्या साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी गवंड्याकडे पाहिलं, आणि गवंड्याने, पाहायला कोणी उरलं नसल्यामुळे, जमिनीकडे पाहिलं. नकाशेबुवा आधीपासून जमिनीकडेच पाहत होते. तीस वर्षं त्यांचं तेच काम होतं.

नकाशेबुवा कंपनीत जनावरांच्या शेडचे नकाशे काढत. लग्न जमवताना मुलगा ‘घरबांधणीत आहे’ असं सांगण्यात आलं होतं. खरं काय ते बायकोला नंतर कळलं. माहेरी ती अजून घरबांधणीच सांगे. पण पिल्लं पाजायला डुकरीण आडवी पडते तेव्हा तिला किती जागा लागते, आणि शेडच्या जमिनीत सिमेंटच्या दोन पट्ट्यांमध्ये किती फट ठेवली म्हणजे घाण खाली जाते पण खूर जात नाही, हे बुवांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते गुडघे टेकून बसले आणि त्यांनी फटीत बोट घातलं. वर सैल, खाली घट्ट. सिमेंटची पट्टी वर रुंद, खाली निमुळती असते. त्यामुळे फट वर अरुंद राहते आणि खाली ऐसपैस होते. इथे नेमकं उलटं होतं. वरून खूर आरामात शिरायचा आणि खाली पाचरीसारखा बसायचा.

“सगळ्या पट्ट्या उलट्या पडल्यात,” ते म्हणाले.

साहेबांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. चूक सापडली की माणूस सापडायला वेळ लागत नाही. गवंडी नवा होता, कामाला लागून सहा महिनेच झालेले. नकाशाप्रमाणेच टाकल्या, असं तो पुटपुटला.

“नकाशात उलट्या टाक असं लिहिलंय?”

“सुलट्या टाक असंही नाही लिहिलेलं, साहेब.”

उद्यापासून यायचं नाही, असं साहेबांनी त्याला तिथल्या तिथे सांगून टाकलं.

बुवा उठले नाहीत. पूर्वी ते नकाशात प्रत्येक पट्टीवर एक बाण काढत, वरची बाजू दाखवणारा. अकरा वर्षांपूर्वी जुना गवंडी त्यावरून रुसला होता. “आता मला वर-खाली शिकवणार का, बुवा?” त्याचा मान राखायला बुवांनी बाण खोडला, तो कायमचा. गेल्या वर्षी जुना गवंडी काम सोडून गेला. बाण काही परत आला नाही.

दोन महिन्यांनी बुवा निवृत्त व्हायचे होते. दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र टाइप होऊन साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडलं होतं. सही तेवढी बाकी होती. घरी बायकोने आधीच बजावलं होतं, की रिकामे बसून माझ्या स्वयंपाकघराची मापं काढायची नाहीत.

“साहेब, चूक नकाशाची आहे,” बुवा म्हणाले. “बाण मी काढला नाही.”

साहेबांनी त्यांना खांद्याला धरून बाजूला नेलं. “बुवा, काय बोलताय कळतंय का? मी ऐकलंच नाही असं धरतो.”

“मग परत सांगतो,” म्हणून बुवांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी मालकीणबाईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

बाईंनी एवढंच विचारलं, की किती दिवस लागतील. साहेब गाडीत जाऊन बसले. गवंड्याचं काम टिकलं. पत्राचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

पट्ट्या उलटवायला तीन दिवस गेले. बुवा तिन्ही दिवस हजर होते. शेवटी एक डुकरीण आत सोडली. ती दारातच थांबली, हुंगली, एक पाय टाकून मागे घेतला, पुन्हा टाकला. मग कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि लांब सुस्कारा सोडून आडवी झाली.

“झालं ना काका नीट?” गवंड्याने विचारलं.

“उठू दे तिला. उठताना कळतं.”

डुकरीण झोपली. गवंडी हत्यारं गोळा करून, हात धुऊन निघून गेला. बुवा कठड्याला टेकून ती उठायची वाट पाहत उभे राहिले.