बेलऐवजी दिवा

गेली अठरा वर्षं मी सॉफ्टवेअर लिहितो. बँकांची मोठमोठी कामं माझ्या हाताखालून गेली आहेत. तरीही दारात कुणी आलंय हे माझ्या आईला कळावं, म्हणून एक दिवा लावताना माझी पार शोभा झाली.

झालं असं, की आईला हल्ली ऐकू येत नाही. मागच्या महिन्यात तिची धाकटी बहीण, आवडामावशी, सोयगावहून आली, बजाजनगरातल्या आमच्या दारात अर्धा तास बेल वाजवत उभी राहिली आणि तशीच परत गेली. आई स्वयंपाकघरात होती आणि मी वरच्या खोलीत कानांत हेडफोन घालून. चूक माझी, पण राग आईवर निघाला. मावशीनं मला फोनवर बजावलं, "रविवारी यीन. पर तुझ्या आईनं, सारजानं, सोता दार उघडलं तरच आत पाय ठेवीन. तू मधी पडायचं नाय." दोघी बहिणींमधला हा अबोला मला बघवत नव्हता.

म्हणून मी बेत आखला. दाराबाहेरचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात दिवा लागेल. एक बटण, एक दिवा, मध्ये छोटा कॉम्प्युटर-बोर्ड आणि माझा चाळीस ओळींचा प्रोग्रॅम.

दिवा लागला, पण कुणी बटण न दाबताच. पंखा लावला की लागायचा, मी जवळून गेलो तरी लागायचा. गुरुवारी आई तव्यावरची भाकरी सोडून सात वेळा दाराशी गेली. सातव्यांदा परत येताना तिनं माझ्याकडे पाहिलं, ते मी नववीत नापास झालो तेव्हा पाहिलं होतं तसं. मी तीन दिवस प्रोग्रॅम तपासला. त्यात चूक नव्हती, आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

शनिवारी संध्याकाळी शेजारच्या सूर्यभानकाकांना बोलावलं. वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं वायरमन होते ते.

"बटण दाबलं की ही तार काय म्हणती?" त्यांनी विचारलं.

"एक."

"आन् नाय दाबलं तर?"

"शून्य. उघडच आहे."

"शून्य म्हणायचं, आसं तिला कुणी सांगितलं?"

तेव्हा कुठे मला कळलं. बटण सुटलं की तार अधांतरी राहत होती आणि हवेतून येईल ते खरं मानत होती. काकांनी त्या तारेपासून ग्राउंडपर्यंत, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेपर्यंत, एक बारीकसा रेझिस्टर जोडला. "आता नाय दाबलं की गप शून्यावर बसंल. पर बाबा, बटण आन् दिवा सरळ तारंनं जोडला असता, तर मधी ह्या बोर्डाचं काय काम व्हतं?"

मी पंखा लावून पाहिला, जवळून दोनदा गेलो; दिवा विझलेलाच राहिला.

रविवारी अकराला दिवा लागला. खिडकीतून मला मावशी दिसली. आईनं दिव्याकडे पाहिलं आणि ती कणीक मळत राहिली.

"आई, दिवा!" मी हातवारे केले.

"रोजच लागतोय की. येडा हाय त्यो. नाद सोड."

पुन्हा लागला. आई ढिम्म. मी दार उघडलं तर मावशी उंबऱ्यावरूनच फिरणार, आणि तिनं तर पिशवी खांद्याला लावलीही होती. मी आईचा हात धरून ओढला, तर तिनं तो झटकला.

तेवढ्यात मावशीचा पारा चढला आणि ती बटणावर तुटून पडली. दिवा लागला, विझला, लागला, विझला, इतक्या झपाट्यानं की बोर्ड जळतोय असं मला वाटलं. आईचा हात कणकीतच थांबला. तिनं दिव्याकडे नीट पाहिलं आणि ती तोंडभरून हसली.

"अगं बया, ही तर आवडी! एवढी तणतण दुसऱ्या कुणाची आसंल?"

आणि पिठाच्या हातांनीच ती दाराकडे धावली.