जंगलाला सुटलेलं पोट

राखीव जंगलाची हद्द नव्याने आखायची ठरली, तेव्हा वनाधिकारी साहेबांनी डोकं फार शिणवलं नाही. मोजणीचं यंत्र जीपच्या टपावर बांधलं, कडेकडेच्या कच्च्या रस्त्याने जंगलाला फेरी घातली आणि गाडी गेली ती रेघ नकाशावर उमटली. शाश्वत विकासाचं धोरण तसं सरळ होतं. रेघेबाहेरच्यांनी मध विकावा, पाहुणे ठेवावेत, सुखाने राहावं. रेघेच्या आत चूल नको, शेळी नको, माणूस तर नकोच.

नकाशा वरून मंजूर होऊन आला. तो भिंतीवर टांगता टांगता ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पूर्वेकडे जंगलाला पोट सुटलंय."

साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं. पोटाच्या मधोमध त्यांच्या सासूबाईंचं घर होतं.

"जेवायला वळलो तेव्हा यंत्र बंद नाही केलंस?"

"तुम्हीच म्हणालात, राहू दे, बंद केलं की रुसतं. वर गाडी सावलीला लावायची म्हणून घराला वळसा घालायला लावलात."

आता घर रिकामं करायची नोटीस साहेबांच्याच सहीने निघणार होती. आतल्या झोपड्या हलवताना "नियम म्हणजे नियम" असं ते इतक्यांदा म्हणाले होते की गावात पोरंही त्यांची नक्कल करत. दुरुस्ती मागायची, तर कामाच्या वेळी सरकारी जीप सासुरवाडीला गेल्याचं लिहून द्यावं लागणार. आणि बढती तर तोंडावर आलेली.

बायको भाजी चिरत होती. ऐकून घेतलं, चिरतच राहिली. "मग आईला इकडेच आणू. मागची खोली आहे. तिच्या शेळ्या गॅरेजमध्ये."

"सगळ्या?"

"मग काय, एखादी ठेवून यायची जंगलात?"

दुसऱ्या दिवशी साहेब नोटीस घेऊन सासूबाईंकडे गेले. त्यांनी ती वाचली, घडी करून परत दिली.

"जावईबापू, जंगल माझ्या दारात आलंय. मी नव्हते गेले त्याच्याकडे."

"चूक माझीच आहे."

"मग तसं लिहा. जेवायलाच आला होतात, दरोडा घालायला नाही."

"बढती जाईल हो."

"जाईल तर जाईल. मी तुमच्याकडे राहायला आले, तर परत जाणार नाही."

साहेबांनी अर्ज तिथेच बसून लिहिला.

बढती गेली. वरून शेरा आला: पूर्व बाजू त्याच अधिकाऱ्याने पुन्हा मोजावी. भर दुपारी जीप त्या वळणावर आली, तर सासूबाई रस्त्यातच उभ्या. "पान वाढलंय."

साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने टपाकडे बोट दाखवलं. "बंद केलं तर रुसेल."

साहेब उतरले. सासूबाईंनी पदराखालचा डबा ड्रायव्हरच्या हातात दिला आणि जीप, जन्मात पहिल्यांदाच, तिथून सरळ पुढे गेली.