तापमापकाला गोधडी

मी एक जुनी, पांढरी, झिलमिलीची लाकडी पेटी आहे. पक्ष्यांचे घरटे नाही. मधमाश्यांचे पोळे नाही. पत्रांची पेटी तर मुळीच नाही, तरीही सुपरमार्केटच्या जाहिराती माझ्या फटीत कोंबून जाणारे महाभाग या गावात आहेत. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या आयुष्याचे सगळे वाटोळे लोकांनी मला भलतेच काही समजण्यातून झाले आहे.

वाल नदीच्या बांधाखाली नाशपातीच्या बागा आहेत. त्यांतल्या सगळ्यात सखल बागेच्या कडेला येनेकेबाईंचे घर आहे. त्यांचे यजमान एव्हर्ट होड्या दुरुस्त करत. त्यांनीच मला लार्च नावाच्या झाडाच्या टिकाऊ लाकडातून घडवले. माझ्या चारही भिंती तिरप्या पट्ट्यांच्या आहेत, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन आणि पाऊस बाहेर थांबतात. माझे दार उत्तरेला, कारण ते उघडले तरी आत उन्हाची तिरीप पडता कामा नये. मला गवतावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, भिंतींपासून लांब उभे केले. माझ्या पोटात एक चिमुकला सेन्सर राहतो. हवा किती थंड, किती दमट, ते तो मोजतो आणि घरातल्या पडद्यावर पाठवतो.

आता या सेन्सरचे कौतुक ऐका! "काय अचूक सांगतो हो!" असे पाहुणे म्हणतात. अहो, तो उघड्यावर टांगला असता तर काय सांगणार होता? ऊन पडले की स्वतःच तापणार आणि म्हणणार हवा तापली. पावसात भिजला की गारठणार आणि म्हणणार हवा गारठली. उन्हात मी भाजते, गारांचा मार मी खाते, कोळ्यांची जाळी माझ्या पट्ट्यांत, आणि शाबासकी मात्र त्याला. करून गेला गाव आणि भलत्याचेच नाव, ते हेच.

एव्हर्ट गेले तेव्हा वाटले, आता आपल्याला कोण विचारतो? पण येनेकेबाईंनी मला टाकले नाही. दर वसंतात साबणाच्या पाण्याने पट्ट्या पुसायच्या, जाळी काढायची, रंग उडाला असेल तिथे पांढरा हात द्यायचा. कारण माझ्यावर एका माणसाची भिस्त होती. एव्हर्टचा धाकटा भाऊ आल्ट, शेजारच्या बागेचा मालक. नाशपाती फुलल्यावर एक रात्र जरी गोठली तरी फुले मरतात आणि वर्षाचे पीक जाते. त्यावर उपाय एकच. हवा गोठायच्या आत फवारे सुरू करून झाडांवर पाणी सोडत राहायचे. फुलांभोवती बर्फ धरतो आणि त्या बर्फाच्या आत फूल जगते. पण फवारे वेळेवर सुरू व्हायला हवेत. हवा शून्याच्या जवळ आली की माझ्या सेन्सरच्या निरोपाने आल्टचा फोन किंचाळत असे, आणि तो विजार चढवत पंपाकडे धावत असे.

"रेडिओ सांगतो देशाचं," तो म्हणायचा, "माझ्या खळग्याचं सांगते ती वहिनीची पेटी." एवढे एक वाक्य सोडले तर माझी स्तुती कोणी केल्याचे मला आठवत नाही.

मग गेल्या वर्षी येनेकेबाईंच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आणि त्या मुलीकडे उत्तरेला राहायला गेल्या. जाताना शेजारच्या फ्लोरिसना म्हणाल्या, "शेजारी, बागेकडे जरा लक्ष असू द्या हं."

हे फ्लोरिस शहरातून निवृत्त होऊन आलेले. माणूस वाईट नव्हे. पण सकाळी उठल्यापासून कोणाचे तरी भले केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मार्चमध्ये आमच्या गावात एक शनिवार असतो, सगळे मिळून कामे करण्याचा. कोणी शाळेचे कुंपण रंगवतो, कोणी वृद्धाश्रमाची बाग खुरपतो, मग कॉफी आणि प्रत्येकी एकच बिस्किट. त्या शनिवारी फ्लोरिस रानमाश्यांना, म्हणजे पोळे न करता नळीत एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांना, घरे बांधून देणाऱ्या मंडळींचे म्होरके होते. ते हिंडत हिंडत कुंपणाशी आले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"अरेरे, केवढं सुंदर घर रिकामं पडलंय!" ते म्हणाले.

रिकामे! मी रिकामी!

त्यांनी दार उघडले आणि त्यांना सेन्सर दिसला. "हे येनेकेबाईंचं हवामानाचं यंत्र दिसतंय. बिचारं उघड्यावर कुडकुडतंय." मग त्या सद्गृहस्थांनी माझ्या पोटात गच्च पेंढा भरला. सेन्सरभोवती तर जास्तच, हाताने थोपटून थोपटून. उरलेल्या जागेत बांबूच्या नळ्या आणि पाइनची बोंडे कोंबली. पट्ट्यांच्या फटी चिखलाने लिंपल्या. आणि रानमाश्यांना ऊन आवडते म्हणून मला गवतावरून उपटून शेडच्या दक्षिणेच्या विटांच्या भिंतीला टेकवले, दार उन्हाकडे करून! दिवसभर तापायचे आणि रात्रभर त्या भिंतीची ऊब खायची. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, पण इथे तर रोगच नव्हता.

मी ओरडले असते, पण मला तोंड कुठे आहे? आल्टला तरी कळायला हवे होते. दुपारी सगळे गाव कोट घालून हिंडत असताना त्याच्या फोनवर उन्हाळा दिसत होता. तो हसून बायकोला म्हणाला, "वहिनी नाही, तर पेटी सुट्टीवर स्पेनला गेली वाटतं." विनोद केला आणि फोन खिशात टाकला. शेडच्या मागे येऊन बघायला काय पाय मोडले होते का?

एप्रिलमध्ये बाग फुलली. बांधापर्यंत नुसते पांढरे. एका संध्याकाळी आभाळ स्वच्छ झाले, वारा पडला आणि थंडी बागेच्या खळग्यात उतरू लागली. पेंढ्यातल्या सेन्सरला त्यातले काहीही कळले नाही. फोन गप्प राहिला.

आल्टला उजाडताना जाग आली ती एका आवाजाने. बाहेर कोणीतरी गाडीची काच खरवडत होते. तो अनवाणीच रस्त्यावर आला. फ्लोरिस हातमोजे घालून काचेवरचा बर्फ काढत होते.

"काय गारठा पडलाय हो!" ते म्हणाले.

आल्टने खिशातून फोन काढला. फोन म्हणत होता, चार अंश. तो तसाच बागेत धावला. खालच्या ओळीतले एक फूल तोडून त्याने नखाने उभे चिरले. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या, मधला गाभा काळा पडला होता. दुसरे चिरले. काळे. पुढच्या झाडावरचेही काळे. खालच्या सगळ्या ओळी तशाच. बांधाजवळच्या चढावरची झाडे तेवढी वाचली होती.

मग तो मला शोधत आला. गवतावर मी नव्हते. शेडमागे मी दिसले, कपाळावर 'माश्यांचे हॉटेल' अशी पाटी मिरवत. त्याने दार उघडले तसा पेंढा त्याच्या पायांवर पडला.

फ्लोरिस धापा टाकत मागे आले होते. "ते मी केलं. यंत्राला थंडी वाजू नये म्हणून."

"थंडी वाजू नये?" आल्टने पेंढ्याची मूठ त्यांच्यासमोर धरली. "तापमापकाला? अहो, थंडी वाजणं हेच त्याचं काम! तापमापकाला गोधडी घातलीत तुम्ही!"

फ्लोरिस ओशाळले. "एक माशी राहायलाही आली होती," ते पुटपुटले. मित्रांनो, मला तिथल्या तिथे आडवे पडावेसे वाटले.

आल्टने कळवले आणि दुसऱ्या दिवशी येनेकेबाई कुबड्या टेकत परत आल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

"मला विचारायचं होतंत, शेजारी."

"तुम्ही आजारी. म्हटलं, कशाला त्रास द्यायचा?"

"ऑपरेशन खुब्याचं होतं. फोन उचलायला हात धड होते माझे."

फ्लोरिसनी मला उचलून पुन्हा गवतावर, माझ्या जुन्या जागी रोवले. दार उत्तरेला केले. पट्ट्यांतला चिखल त्यांनी दात घासायच्या ब्रशने काढला. ती माशी बसलेली नळी मात्र येनेकेबाईंनी वेगळी काढून शेडच्या भिंतीला बांधून दिली. माशीचा काय गुन्हा? महिना संपायच्या आत पुन्हा एकदा गोठले. त्या वेळी फोन वेळेवर किंचाळला, फवारे सुरू झाले आणि वरची बाग वाचली. सगळे म्हणाले, सेन्सर छान काम करतो.

सप्टेंबरात नाशपाती उतरवायला फ्लोरिस आपणहून मदतीला आले. त्यांना बागेची माहिती नव्हती. रिकामा क्रेट घेऊन ते सरळ खालच्या ओळींत शिरले आणि तिथेच थांबले. झाडे हिरवीगार होती. नुसती पाने. ते एका झाडाकडून दुसऱ्याकडे गेले, फांद्या वर करून बघितल्या. वरून आल्टने हाक मारली. त्याच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती.

"तिथे काही नाही, फ्लोरिस. इकडे या."

फ्लोरिस बराच वेळ आले नाहीत. क्रेट पालथा घालून ते त्यावर बसून राहिले. हल्ली ते शनिवारी येऊन माझ्या पट्ट्या पुसतात. मी त्यांना अजून क्षमा केलेली नाही. त्या ओळींतली फुले माझ्या डोळ्यांदेखत मेली, आणि त्या रात्री मी विटांच्या उबेत आरामात उभी होते, हे मी कसे विसरू?

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. तुमच्याही गच्चीवर, शाळेच्या मैदानात किंवा शेतात माझी एखादी बहीण उभी असेल. तिची कीव करू नका. तिच्या पट्ट्या स्वच्छ ठेवा, तिला पांढरी ठेवा, भिंतीपासून लांब ठेवा आणि तिच्या पोटातून वारा वाहू द्या. आणि दुसऱ्याच्या अंगणात काही चांगले करायचे मनात आलेच, तर आधी दार वाजवा. घरात कोणी नसेल, तर फोन करा.