उलटलेली तांबोशी

आईच्या टपरीवर लेकीनं आपल्या पसंतीच्या पोराला घेऊन गिऱ्हाईक म्हणून यायचं आणि आईनं ओळख दाखवायची नाही, ही अक्कल आमच्या सेनची.

"तुझ्यासमोर तो गुणी बाळासारखाच वागणार गं, आई," ती फोनवर म्हणाली. "तू आधी परक्यासारखी बघून घे. पटला तर संध्याकाळी घरी आणते. नाही पटला तर आम्ही पुढच्या गावाला जाऊ, आणि मी हा विषय संपवीन."

संपवीन म्हटल्यावर ती संपवणार, हे मला ठाऊक होतं. माझ्या शब्दावर पोरीचा संसार टांगलेला. मी तोंडाला डोळ्यांपर्यंत फडकं गुंडाळलं आणि वर गवताची टोपी चढवली. आमच्या बाई सेप गावाच्या किनाऱ्यावर आम्ही सगळ्याच बायका उन्हाला भिऊन अशा हिंडतो, त्यामुळे कोण कुठली ते नवऱ्यालाही पटकन कळत नाही.

सकाळी दोघं आली, पाठीवर ही एवढाली बोचकी घेऊन. पोराचं नाव लाम. दा लातच्या डोंगरातला, कॉफीच्या मळ्यात वाढलेला. आल्या आल्या पँट दुमडून घोट्याइतक्या पाण्यात गेला आणि लाट आली तसा ओरडत मागे पळाला. माझं डोकंच फिरलं. माझा नवरा साउ कालपासून होडी घेऊन समुद्रात, आणि त्याचा होणारा जावई पँट भिजेल म्हणून पळतोय!

मग दुपारपर्यंत त्यांनी काही केलं नाही. आमच्याकडे बोचकी घेऊन येणारे काही करत नाहीत, त्यासाठीच तर येतात. झाडाला टांगलेल्या झोळीत लोळले, वाळूत खेकड्यांच्या मागे धावले, बर्फ घालून कॉफी प्याले.

"मावशी, ही कॉफी कुठली हो?" त्यानं तोंड वाकडं न करता विचारलं.

"दुकानातली. का? कडू लागली?"

"छे, छे. आमच्या मळ्यातली पाठवतो तुम्हाला, चव बघा."

"पाठवतो म्हणणारे पुष्कळ येऊन गेले, बाबा. अजून एक दाणा आला नाही."

सेननं माझ्याकडे डोळे वटारले. मी पाठ फिरवून हसले.

जेवणाआधी तिचा डोळा लागला. तेव्हा त्यानं हळूच तिच्या बोचक्यातलं जड सामान काढून आपल्यात भरलं. मग तिचं बोचकं रिकामं दिसू नये म्हणून त्यात आपलं जाकीट कोंबलं. हे कुणी बघत नव्हतं. म्हणजे माझ्याखेरीज कुणी नाही. माझा राग तिथेच अर्धा उतरला. साउनं इतक्या वर्षांत माझ्या डोक्यावरची पाटी न सांगता कधी उतरवली नाही, सांगावं लागतं.

दुपारी मी अख्खी तांबोशी निखाऱ्यावर भाजून त्यांच्यापुढे ठेवली. पोरानं काटे काढून काढून माशाच्या गालाचं मांस सेनच्या वाडग्यात घातलं. वरची बाजू खाऊन संपली. पटला, मी मनात म्हटलं. संध्याकाळी भात जास्त टाकायचा.

आणि तिथेच माशी शिंकली. "खालची बाजू तुला," असं म्हणत त्यानं जेवायच्या काड्यांनी मासा उचलला आणि ताटात पालथा घातला.

"अरे मेल्या!" मी ओरडले. हातातला डाव खाली पडला. "मासा उलटवतोस? हिचा बाप होडी घेऊन पाण्यात आहे!"

आमच्याकडे मासा उलटवला की होडी उलटते म्हणतात. शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एक बाजू खायची, मधला काटा उचलायचा, मग खालची. सेनचा चेहरा पांढराफटक पडला. लाम आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला.

"हिचा बाप म्हणजे... तुम्ही सेनची आई?"

मी फडकं खाली ओढलं. आता कसली लपवाछपवी!

"म्हणजे सकाळपासून माझी परीक्षा चालली होती?" त्यानं सेनला विचारलं. ती रडायला लागली.

"होती," मीच म्हणाले. "संपली. उचला ती बोचकी आणि व्हा चालते."

वाईट बोलले. पण वारा फिरला होता, दुपारच्या होड्या एकेक करून लागत होत्या आणि त्यात साउची नव्हती. फोन लागत नव्हता.

लामनं बोचकं उचललं नाही. ताटाकडे बघत हळूच म्हणाला, "आई, परत सुलटा केला तर चालेल?"

असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. "मला काय माहीत?" मी म्हटलं. "तू हे मानतोस?"

"मी नाही मानत. पण तुम्ही मानता ना."

त्यानं हात धुतले आणि दोन्ही हातांनी तो मासा पूर्वी होता तसा ठेवला. त्यावर जाळी झाकली. मग पाण्याच्या काठाशी जाऊन बसला. सेननं हाक मारली तरी जेवायला उठला नाही. मी होड्यांची राखण करणाऱ्या देवमाशाच्या देवळात उदबत्ती लावून आले, तेव्हाही तो तिथेच होता. मी त्याच्याशेजारी बसले. वाट बघणं काय असतं, ते त्या डोंगरातल्या पोराला मला सांगावं लागलं नाही.

ऊन कललं तेव्हा खडकामागून आमची निळी होडी दिसली. माझा जीव भांड्यात पडला. ती खोल पाण्यात नांगरून साउ बांबूच्या गोल टोपलीसारख्या नावेत बसून किनाऱ्याकडे वल्हवत होता. लाम उठला आणि पँट न दुमडता छातीभर पाण्यात शिरला. एक लाट त्याच्या डोक्यावरून गेली.

"ए पोरा, कड धर! घट्ट धर!" साउ ओरडला. कुणी मजूर असेल, असंच त्याला वाटलं.

वाटेत बंद पडलेलं इंजिन दुरुस्त करण्यात वेळ गेला होता, बाकी काही नाही. टपरीवर येऊन साउनं भुकेल्या माणसाच्या घाईनं जाळी उचलली. बाहेर लाम पाण्यानं निथळत उभा होता, आत यायचं की नाही ते न कळून.

"अर्धाच खाल्लाय," साउ म्हणाला. "माझ्यासाठी एवढी बाजू कुणी ठेवली?"

"जावयानं," मी म्हटलं.