गळ्याखालची गाठ

वडलांची सगळी नोकरी नदीकाठच्या तव्यांच्या कारखान्यात गेली. काहीच चिकटू न देणारा लेप त्यांच्याच विभागात व्हायचा. निवृत्तीनंतर ते त्याच नदीवर गळ टाकून बसत. मुलगी प्रयोगशाळेत मासे तपासायची, तेही त्याच नदीतले.

त्या रविवारी ती माहेरी पोचली, तेव्हा वडलांनी पकडलेला मासा आई साफ करत होती. कल्ले उचलताच तिचा हात थांबला. "अगं, हे काय गं?"

गळ्यापाशी लालसर, बुळबुळीत गाठ टरारली होती. सुरीचं टोक लागताच ती फुटली आणि चिकट पाणी ओट्यावर ओघळलं.

"थायरॉइड ग्रंथी," मुलगी म्हणाली. "कारखान्याचं रसायन कुजत नाही, विरत नाही. माशांच्या अंगात साठतं आणि ग्रंथी बिघडवतं. नरांच्या वृषणांत अंडी सापडलीत, बाबा. अंडी!"

"नदीचं पाणी बघ जरा, काचेसारखं आहे! तुम्हा लोकांना जिथेतिथे विषच दिसतं," वडील म्हणाले. "गाठ काढ आणि तळ गं."

आई हलली नाही. मग त्यांनी स्वतःच तवा चढवला, मासा तळला आणि मुलीसमोर बसून खाल्ला. बोटं चाटत म्हणाले, "झालं का मला काही?"

माशापेक्षा त्या तेलकट ओठांची तिला किळस आली. जन्मदात्याची किळस येते म्हणून स्वतःचीही. ती धावत मोरीकडे गेली आणि भडाभडा ओकली.

परत आली तर आई तवा, उरलेले मासे, सुरीसुद्धा कचऱ्याच्या पिशवीत कोंबत होती. "ही घाण पुन्हा माझ्या घरात आणायची नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

पुढच्या आठवड्यात वडील प्रयोगशाळेत आले. कागदात गुंडाळलेला मासा त्यांनी टेबलावर आदळला. "माझ्यासमोर चीर."

नरच होता. तिने वृषणाचा तुकडा काचेवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. ते वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. जिथे एकही असू नये, तिथे गोल गोल अंडी गच्च भरली होती.

"शी!" त्यांच्या तोंडून निघालं.

"लेपात काय घालायचात, बाबा? कारखाना आम्हाला दाद देत नाही."

त्यांनी खालच्या आवाजात रसायनाचं नाव सांगितलं.

"कारखान्याची चौकशी चालू आहे, तिथे सांगाल?"

"सांगेन."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले. ते धरावेत असं तिला वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तिने पुढचा मासा ओढला.